पाणी पिऊन येतो

सुपा,
रविवार, १८ मे २०२५

शलमोनदादा,

सलाम. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितोय, आणि शेवटचं पत्र मी कधी लिहिलं ते मला आठवत नाही, कारण धंद्यात सगळं व्हॉट्सॲपवर होतं आणि जे होत नाही ते ऑफिसातली निकिता निस्तरते, तिसगावची पोरगी आहे, बी.ए. झालेली, पण हे पत्र तिला दाखवायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा जसं आहे तसं वाचून घ्या.

काम असं आहे की माझ्या वर्कशॉपमधली सहा माणसं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली होती आणि परवा निकाल लागला, त्यात गणितात काठावर पास, इंग्रजीत देवाच्या दयेने पास, आणि मराठीत सहाच्या सहा नापास, दादा, मराठीत, जी ही माणसं सकाळी आठपासून मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलत असतात. आता तुम्ही म्हणाल, वेल्डरला दहावी कशाला, तर ज्या कंपनीचं काम आपल्याकडे येतं तिने कळवलंय की ऑगस्टपासून प्रत्येक जॉबचा तपासणी रिपोर्ट काम करणाऱ्यानेच हाताने लिहायचा आणि लिहिणारा दहावी पास पाहिजे, नसेल तर कंपनी स्वतःचा माणूस आणून बसवणार. म्हणजे माझी रतनबाई, जी अकरा वर्षं ग्राइंडिंगला आहे आणि जिला जोडातली चीर नुसत्या बोटाने कळते, तिने उद्या कुणा विशीतल्या पोराला विचारायचं की बाबा, हा जॉब बरा आहे का.

पुरवणी परीक्षा जूनअखेर आहे, म्हणून फेब्रुवारीपासून मी रविवारी चार वाजता घेतो तो वर्ग पुढे चालू ठेवलाय. मी, आणि मराठी! हसा. सहादेव वेल्डर चव्वेचाळीस वर्षांचा आहे, त्याला गाइडमधलं एकच पत्र पाठ आहे, रोपवाटिकेला तीस रोपांची मागणी. अभिनंदनाचं पत्र लिही म्हटलं तरी तीस रोपं, तक्रारीचं लिही म्हटलं तरी तीस रोपं, आणि खाली सही 'विद्यार्थी प्रतिनिधी'. रतनबाई दोन पानं लिहिते आणि दोन पानांत एक पूर्णविराम नाही. का गं बाई, म्हटलं, तर म्हणते, "शेठ, बोलताना कुठं थांबते मी?" मी गुपचूप नववीचं व्याकरणाचं पुस्तक आणून वाचलं, पण मला येतं तेवढंच मला येतं, आणि ते किती येतं हे तुम्हाला माहीत आहे.

माझी दहावी झाली असती तर ही वेळ आली नसती, पण कॉपीची चिठ्ठी माझी नव्हती, मागच्या बाकावरच्याची होती, माझ्याकडे सापडली आणि तुम्ही नोकरी वाचवायला सख्ख्या भावाला भरारी पथकाच्या हवाली केलं, हे आई शेवटपर्यंत विसरली नाही आणि म्हणून तिने तुमच्या घरचं पाणी घेतलं नाही, पण ते उकरायला मी लिहीत नाही, मी ते केव्हाच सोडून दिलंय.

तीस वर्षं तुम्ही मराठी शिकवलं, आता रिटायर होऊन सोनईत बसलात. पाच रविवार या. गाडी पाठवतो, दोन तासांचा तर रस्ता आहे. माझ्यासाठी येऊ नका, त्यांच्यासाठी या.

वहिनींना सलाम.

तुमचा
एडविन


सुपा,
गुरुवार, २९ मे

दादा,

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र मिळालं.

मी मोजलं. त्रेपन्न लाल गोल. जिथे वाक्य संपायला पाहिजे होतं तिथे उभ्या रेघा, त्या वेगळ्या. 'येतो' नाही, 'येत नाही' नाही, खाली सही नाही. पाकिटावर माझा पत्ता तेवढा तुमच्या अक्षरात, आणि तोसुद्धा पिनकोडसकट. सत्तावीस माणसं माझ्या हाताखाली आहेत दादा, बँकेचा मॅनेजर मला खुर्ची देतो, आणि तुम्ही माझं पत्र तपासून परत पाठवता! बायकोला दाखवलं तर कृपा आधी हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा हसली. म्हणते, "मार्क नाही दिले का?"

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. चिठ्ठीच्या परिच्छेदाला तुम्ही पेनच लावलं नाही. वर रक्तबंबाळ, खाली रक्तबंबाळ, आणि मधला तेवढा कोरा. मला वाटलं, तो बरोबर असेल. शेवटी निकिताला तेवढ्या ओळी उतरवून दाखवल्या, कुणाच्या ते न सांगता. तिने नऊ चुका काढल्या. पिनकोड न विसरणाऱ्या माणसाला नऊ चुका दिसल्या नाहीत? काय सांगायचंय ते सरळ सांगा. न बोलता बोलायची ही तुमची जुनी खोड आहे, आणि मला ती तेव्हाही कळत नव्हती.

बाकी एक गंमत झाली. रविवारी तुमची ती कागदपत्रं टेबलावर राहिली. रतनबाई आली, चष्मा लावला, म्हणाली, "अगं बया. ह्यो कुनाचा पेपर? लईच नापास झालाय की."

"माझा."

मग सहादेव म्हणाला, "शेठ, तुमचा?" आणि जो हशा पिकला तो शेजारच्या शेडपर्यंत गेला. रतनबाईने कागद ओढून घेतला आणि माझे गोल मोजायला बसली. तो मधला परिच्छेद मी आधीच आत दुमडून ठेवला होता. "न्हाई न्हाई, हितं आमीसुदिक बरोबर लिवतो," असं म्हणत तिने माझी चार वाक्यं तोडून दाखवली. तुमच्या रेघा बरोबर त्याच ठिकाणी होत्या. तीन महिने मी घसा कोरडा केला तेव्हा हिच्या डोक्यात वाक्य शिरलं नाही, आणि मालकाचं वाक्य तोडायचं म्हटल्यावर लगेच शिरलं.

त्या दिवशी प्रत्येकाने एक पान लिहिलं. मला तपासता येत नाही, म्हणून ती सहा पानं सोबत पाठवतोय. माझं पत्र तपासू नका.

एडविन


सुपा,
मंगळवार, १० जून

दादा,

सहा पानं परत आली, आणि माझं पत्रही. तपासून.

सहादेवच्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'तीस रोपं कुठे लावणार आहात?' रतनबाईने लहानपणी विहिरीत पडलेल्या शेळीचं लिहिलं होतं, ती दोराने उतरली तिथपर्यंत पान संपलं. खाली तुमचं लाल अक्षर, 'पुढे काय झालं? शेळी वाचली का?' त्यांना तुम्ही प्रश्न विचारता. अहो-जाहो करता. मला नुसते गोल. ह्या खेपेला एकोणतीस आहेत, म्हणजे मी सुधारतोय असं रतनबाईचं म्हणणं आहे.

ती तुमच्यावर चिडलीय. "मास्तरला शेळीचं पडलंय. मार्क किती ते सांगंना." पण पुढच्या रविवारी शेळी बाहेर काढूनच आली. तीन पानं, सोबत पाठवतोय. थोडे पूर्णविराम होते, पण कुठेही टाकलेले, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून वरून भुरभुरावं तसे.

मग मी माझ्या पद्धतीने गेलो. तुम्हाला माहीत आहे, माझं डोकं सामान्य आहे पण कान चांगले आहेत. शेजारच्या शेडमध्ये कोण वेल्डिंग करतोय आणि त्याचा करंट किती चढलाय हे मी चहा पिताना सांगतो. तर मी रतनबाईला म्हटलं, लिहू नको, सांग. एक पाइप टांगला आणि हातात पाना घेतला. ती बोलू लागली आणि जिथे तिचा सूर खाली बसला तिथे पाइपावर एक ठोका. "दोर सोडला. ठण्ण. मी उतरले. ठण्ण. पानी गार हुतं. ठण्ण." पाच मिनिटांत तिने माझ्या हातातून पाना घेतला, "द्या हिकडं, माजं मी मारते." आता सहाही जण आधी बोलतात, ठोके मारतात, मग लिहितात. शेजारचा शेडवाला विचारून गेला की रविवारी तुमच्याकडे नेमकी कसली प्रार्थना चालते.

तेवढ्यावर मी खूश झालो असतो, पण पूर्णविरामाच्या पुढे गाडी जात नाही. कर्ता झाला, क्रियापद झालं. सहादेव अडून बसला, "क्रियापद शेवटी का? केलं काय ते आधी सांगावं. तवर ऐकनारा थांबंल का?" याला मी काय उत्तर देऊ? मला नाही माहीत का शेवटी! काळ शिकवला तर सगळा निबंध भूतकाळात सुरू होतो, मध्येच आजवर येतो आणि भविष्यात जाऊन बसतो. 'मी वेल्डिंग केला', 'मी वेल्डिंग केली', 'मी वेल्डिंग केले', तिन्ही एकाच पानावर. परवा मी खडू भिरकावला. सहादेवच्या खांद्याला लागला. त्याने खडू उचलून टेबलावर आणून ठेवला. मला माझीच लाज वाटली.

दोनच रविवार उरलेत. मी इथपर्यंत आणलं, पुढचं मला येत नाही, आणि ज्याला येतं तो दोन तासांवर बसून लाल पेन चालवतोय. या ना, दादा. कृपा म्हणते, मीच सोनईला यावं. मी का यावं? दार तुम्ही लावलंत.

एडविन


सुपा,
सोमवार, २३ जून

दादा,

हे पत्र तुम्ही तपासलंत तरी चालेल.

परवा मराठीचा पेपर आहे. काल शेवटचा वर्ग होता. सगळे बसले. सहादेव बसला तेव्हा त्याच्या खिशात कागद वाजला. एक कागद नव्हे, पुष्कळ, बारीक घड्यांचे. तो आवाज मी कुठेही ओळखतो.

मी म्हटलं, "सहादेव, खिशात काय आहे?"

त्याने लपवलं नाही. गाइडची पानं बारीक झेरॉक्स करून आणली होती. म्हणाला, "शेठ, शेंटरवर सगळेच नेत्यात. चार म्हैने झाले, माज्या डोक्यात न्हाई घुसत. रतनबाई पास व्हईल. मी त्या कंपनीच्या पोराच्या हाताखाली राबू का?"

मी ओरडायच्या तयारीत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमी पन नेलीच असंल की कवा तरी."

रतनबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नेली होती."

अठ्ठावीस वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा बोललो. कृपालाही माहीत नाही.

मी उठलो आणि तोंडातून निघालं, "मी पाणी पिऊन येतो."

बाहेर माठापाशी गेलो. एक ग्लास प्यायलो. दुसरा भरला, आणि तो भरताना माझा हात थांबला. दादा, ते वाक्य माझं नव्हतं.

मार्च सत्त्याण्णव. तुमची त्या वर्गावर ड्युटी नव्हती. कुणी आलं नाही म्हणून तुम्हाला पाठवलं. तुम्ही माझ्या बाकाजवळ आलात. माझ्या डाव्या बाहीत निबंध होता. तुम्ही पाहिलंत. मला दिसलं की तुम्ही पाहिलंत. तुम्ही हळूच म्हणालात, "मी पाणी पिऊन येतो." खिडकी माझ्या हाताशी होती. उघडी होती. खाली एरंडाची झुडपं होती.

मी चिठ्ठी फेकली नाही. तुम्ही बाहेर होता तेवढ्यात अर्धा निबंध उतरवला. मला वाटलं, दादाने रान मोकळं करून दिलं.

पथक आलं तेव्हा तुम्ही दारात होतात. हातात तांब्या होता. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही येऊन माझी बाही उलटी केलीत आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिलीत. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं, रागाने.

आईला मी घरी जाऊन सांगितलं की ती मागच्याची होती. का सांगितलं? ती दारात उभी होती आणि तिने विचारलं, म्हणून. एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती तुमच्याशी भांडून आली होती. मग ते बदलता येईना. ती माझ्याबरोबर सुप्याला आली, पत्र्याच्या खोलीत राहिली, मी शेठ झालो ते तिने पाहिलं. दर नाताळाला वहिनी करंज्या पाठवायच्या आणि आई डबा न उघडता परत पाठवायची. मी समोर बसलेला असायचो.

तुम्ही तिला पाण्याची गोष्ट कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तिने कुणाला बोलून दाखवली नसती, तुमची नोकरीही गेली नसती. तुम्ही तिच्यापुढे गुन्हेगार राहिलात आणि मला तिच्यापुढे चांगला राहू दिलंत. मी त्याचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तिला पुरलं. तुम्ही दफनभूमीच्या फाटकाशी उभे होतात. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी तुम्हाला हाक मारली नाही. परक्या माणसांनी टाकली, दादा. तुम्हाला मी हाक मारली नाही.

तो परिच्छेद तुम्ही का कोरा सोडलात ते आता कळलं. खोट्याच्या चुका काय दुरुस्त करायच्या.

मी माठापाशी बराच वेळ होतो. परत आलो तर चिठ्ठ्या टेबलावर होत्या, पान्याखाली नीट दाबून ठेवलेल्या. सहादेव म्हणाला, "लई वेळ लावला, शेठ. पानी प्यायला का हिर खांदायला गेल्ते?" मग वर्ग झाला. तो माझ्यापेक्षा बरा निघाला. पास होईल असं वाटत नाही.

मी चुकलो. चिठ्ठी माझी होती.

एडविन


सुपा,
रविवार, ३ ऑगस्ट

दादा,

सहा आठवडे झाले. ते पत्र परत आलं नाही.

पोस्टमनला इतक्या वेळा विचारलं की तो आता लांबूनच हात हलवतो. आधी वाटलं, हरवलं. मग वाटलं, फाडलंत. तपासून पाठवलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. लाल गोलांची वाट बघणारा माणूस तुम्ही कधी पाहिला होता का?

निकाल लागला. सहापैकी तिघं पास. रतनबाईला एकेचाळीस. तिने पेढे वाटले आणि मला दोन दिले, एक माझा आणि एक "त्या शेळीवाल्या मास्तरांचा". तुमचा पेढा फ्रिजमध्ये आहे, कृपा कुणाला हात लावू देत नाही. शुक्रवारी रतनबाईने पहिला रिपोर्ट लिहिला. 'जोड तपासला. डाव्या बाजूला चीर आहे. हा जॉब पाठवू नये.' कंपनीचा माणूस दोनदा वाचून म्हणाला, कुणी लिहिलं? ती म्हणाली, "मी. का?"

सहादेवला एकोणतीस. सहा मार्कांनी गेला. काय लिहिलंस विचारलं तर मान खाली घातली. पेपरात आभाराचं पत्र होतं. ह्या गड्याने आधी रोपवाटिकेकडे तीस रोपं मागितली आणि मग ती मिळाली म्हणून आभार मानले. मी डोकं धरून बसलो. चार महिने, दादा! पण पत्रात वाक्यं तोडलेली होती म्हणतो. उद्यापासून त्याचा जॉब कंपनीचा पोरगा तपासणार आहे. तो फेब्रुवारीला पुन्हा बसणार आहे आणि मला पुन्हा शिकवायचंय, आणि मला अजूनही माहीत नाही की क्रियापद शेवटी का.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल रतनबाईला एक पोस्टकार्ड आलं. सोनईहून, निकाल कृपाने वहिनींना कळवला होता म्हणून. ती ते हातात धरून थेट माझ्या टेबलाशी आली आणि मला न देता स्वतः वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. 'रतनबाई, अभिनंदन. शेळीचं तिसरं पान आवडलं. सहादेवांना सांगा, रोपं लावायला जागा माझ्याकडे आहे.' आणि खाली, कडेला, निळ्या पेनाने, 'रविवारचा वर्ग किती वाजता असतो?'

तिने कार्ड उलटंपालटं केलं. म्हणाली, "शेठ, तुमाला काय लिवलं न्हाई." मी म्हटलं, दिसतंय. म्हणाली, "ह्येला उत्तर तुमी लिवता का मी?" मी म्हटलं, कार्ड तुला आलंय, तू लिही.

तिने तिथेच उभ्याने लिहिलं. पाइप वाजवला नाही. नंतर माझ्यापुढे धरलं, तपासा म्हणाली. लिहिलं होतं, 'वर्ग चार वाजता असतो. शेठ तीन वाजल्यापासून दारात उभे असतात.'

दुसरं वाक्य मी सांगितलं नव्हतं. खोटंही नव्हतं. मी तसंच राहू दिलं.

तिचं कार्ड ह्याच पाकिटात घातलंय. ते आधी वाचा.

एडविन